चाचाले बसवा

आमच्या टोलनाक्यावर एक पद्धत होती. ती कुठल्या नियमात लिहिलेली नव्हती आणि कोणी कोणाला शिकवलेलीही नव्हती. एखाद्या लेनमध्ये गाडीवाला तापला, काचेवर हात आपटायला लागला, आईबहिणीवर उतरला, की शेजारच्या बूथमधून कोणीतरी आवाज द्यायचं, "चाचाले बसवा." चाचा असतील तिथून उठायचे, हातातला चहा कठड्यावर ठेवायचे, बूथचं मागचं दार उघडायचे आणि म्हणायचे, "ऊठ बेटा." आपण उठायचं. चाचा आपल्या खुर्चीवर बसायचे आणि राहिलेल्या शिव्या त्यांच्या वाट्याला जायच्या. गाडी गेली की ते उठायचे, आपण परत बसायचं आणि पुढची गाडी घ्यायची.

मी वडनेर भोलजीची. हायवे आमच्या गावाच्या अंगावरूनच जातो, त्यामुळे ट्रकचा आवाज मला लहानपणापासून पंख्याच्या आवाजासारखा आहे, बंद झाला तरच लक्ष जातं. त्याच हायवेवरच्या एका नाक्यावर मला नोकरी लागली तेव्हा घरचे खूश झाले. सावलीतलं काम, बसून करायचं काम, डोक्यावर पंखा. खोटं नाही त्यात काही. सगळं तसंच आहे.

फक्त लोकांना एक गोष्ट माहीत नसते. आता सगळं फास्टॅगवर चालतं. ज्याचं सगळं सुरळीत असतं तो थांबतच नाही, दांडी वर होते आणि तो निघून जातो. त्याचं तोंड आम्हाला दिसतही नाही. ज्याच्या टॅगमध्ये बॅलन्स नाही, ज्याचा टॅग मशीन वाचत नाही, ज्याला दुप्पट भरायचं आहे, तोच काच खाली करतो. म्हणजे शिफ्टभर आम्हाला भेटणारा प्रत्येक माणूस चिडलेलाच असतो. चांगली माणसं या रस्त्यानं जात असतीलच, पण ती माझ्यासमोर थांबली नाहीत.

मी मुळात गरीब गाय नव्हे. माझा राग आमच्या गावात माहीत होता. लग्नात वरपक्षाच्या एका माणसानं जेवणाला नाव ठेवलं तर मी नवरीच्या शालूत उठून उभी राहिले होते, हे आजही सासरी हसून सांगतात. नाक्यावर लागल्यावर पहिले काही दिवस मी एकास दोन उत्तरं दिली. मग मॅनेजरसाहेबांनी बोलावून घेतलं. ते वाईट माणूस नाहीत. कॅमेऱ्यात सगळं दिसतं, तक्रार वर जाते, वरून आम्हाला बोलणी बसतात, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. मी तोंड बंद ठेवायला लागले. सुरुवातीला राग गिळावा लागायचा. पुढे गिळायलाही काही येईना. जेवण पुढ्यात आहे आणि भूकच नाही, तसं ते होतं.

शरीराचं वेगळंच चाललं होतं. बायकांसाठीचा संडास पलीकडच्या बाजूला, मधल्या सगळ्या लेन ओलांडून जावं लागायचं, म्हणून आम्ही पाणीच कमी प्यायचो. सकाळी उठले की जबडा दुखायचा, झोपेत दात दाबून धरलेले असायचे. दुपारी आडवी झाले की छातीत धडधडायचं, उठून बसले की थांबायचं. भाजीत मीठ नाही हे घरच्यांनी सांगितल्यावर मला कळायचं. एकदा सासूबाईंनी काही मागितलं तर मी वर न पाहता म्हणाले, "बॅलन्स नाही, बाजूला घ्या." सगळे हसले. मीही हसले. नंतर चुलीजवळ बसून मी आठवत राहिले की त्यांनी मागितलं काय होतं, ते आठवलं नाही.

चाचा आमच्यात सगळ्यांत मोठे. मलकापूरचे. अर्धं आयुष्य ट्रकवर गेलं, याच रस्त्यानं सुरतेहून कलकत्त्यापर्यंत. गुडघे गेले तेव्हा स्टिअरिंग सुटलं आणि नाक्यावर लागले. घरी मुलगा आणि सून. पांढरी आखूड दाढी, इस्त्रीचा शर्ट, वरून आम्हा सगळ्यांसारखं चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट. त्यांना राग आलेला आम्ही कोणी पाहिला नाही. छातीवरच्या बिल्ल्यावरचं नाव वाचलं की काही लोकांच्या शिव्या वेगळ्याच वळणावर जायच्या, आम्हाला ऐकून लाज वाटायची. चाचा तेव्हाही तसेच, एक हात कीबोर्डवर, नजर गाडीच्या नंबर प्लेटवर. मशीननं टॅग वाचला नाही तर गाडीचा नंबर हातानं टाकावा लागतो. चाचा तो एकदाच पाहायचे आणि टाकायचे, परत मान वर करायची नाही.

"चाचाले ऐकूच येत नाही," असं आम्ही म्हणायचो. मी एकदा त्यांना विचारलं होतं की तुम्हाला काहीच कसं वाटत नाही. ते म्हणाले की ड्रायव्हर लोकांचं डोकं त्यांना माहीत आहे, तो आपल्यावर नाही, रस्त्यावर चिडलेला असतो. मला ते पटलं. मला तेव्हा कोणीही काहीही सांगितलं तरी पटत होतं.

अशात एक मॅडम आल्या. कॉलेजात शिकवायच्या आणि पीएचडी करत होत्या. कामाच्या ठिकाणचा ताण आणि त्याचा कर्मचाऱ्यांच्या तब्येतीवर होणारा परिणाम, असा त्यांचा विषय. जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या ठिकाणची माणसं त्या तपासत होत्या, त्यात आमचा नाका. बोलायला चांगल्या होत्या. त्यांनी आम्हाला स्टाफ रूममध्ये बसवून सांगितलं की कोणाचंही नाव कुठेच येणार नाही. प्रत्येकाला एक आकडा लिहिलेली चिठ्ठी मिळेल, तोच आकडा प्रश्नांच्या कागदावर, तोच आकडा ब्लड प्रेशर मोजताना दाखवायचा. तब्येतीचं काही गंभीर दिसलं तर कळवता यावं म्हणून फोन नंबर तेवढा, वर तोच आकडा लिहून, बंद पाकिटात द्यायचा. मॅनेजरला काहीही कळणार नाही.

हे सगळं त्यांनी मनापासून सांगितलं आणि आम्ही मनापासून ऐकलं. विश्वास मात्र कोणीच ठेवला नाही. त्याला कारण होतं. नाक्याचा ठेका बदलायचा होता. जुना ठेकेदार जाणार, नवा येणार, आणि जुन्यातली किती माणसं ठेवायची ते तो ठरवणार. मॅनेजरसाहेब चहा पिताना सहज बोलून गेले होते की नवी पार्टी येतेय, आपली माणसं जरा फिट दिसली पाहिजेत. त्यानंतर चारच दिवसांनी मॅडम ब्लड प्रेशरचं मशीन घेऊन आल्या. तुम्ही आमच्या जागी असता तर तुम्हीही दोन गोष्टी जोडल्या असत्या.

प्रश्नांचा कागद तर सोपा होता. कामामुळे झोप लागत नाही का, डोकं दुखतं का, घरच्यांवर विनाकारण चिडता का, कामावर यायला नको वाटतं का. पुढे रकाने, कधीच नाही, कधी कधी, नेहमी. आम्ही सगळ्यांनी पेन 'कधीच नाही'वर ठेवलं आणि सरळ खाली ओढत नेलं. तीन नंबर लेनवर बसणारा आमच्यातला एक जण तर कागद वाचण्याआधीच खुणा करून मोकळा झाला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव मंजूर करतात, तशा आनंदात ते काम उरकलं.

अडचण प्रेशरची होती. कागदावर खोटं लिहिता येतं, दंड खोटं बोलत नाही. जनरेटर सांभाळणाऱ्या भाऊंना प्रेशरच्या गोळ्या आधीपासून चालू होत्या आणि ते त्यांनी नाक्यावर कोणालाच कळू दिलं नव्हतं. तीन नंबरवाल्याचे वडील लकवा मारून गेले होते, त्याला मशीन पाहूनच घाम फुटायचा. आणि माझी ती धडधड. आम्ही तिघं जनरेटरच्या खोलीमागे उभं राहून यावर बोलत होतो, तेव्हा जनरेटरवाले भाऊच चेष्टेत म्हणाले, "चाचाले बसवा."

आम्ही हसलो. चाचा तिथेच पायरीवर बसले होते, ते हसले नाहीत. त्यांनी शर्टाची बाही वर करायला घेतली आणि विचारलं की पहिली चिठ्ठी कोणाची.

ते जमूनही गेलं. मॅडम स्वतः कागदांचं पाहायच्या, प्रेशर मोजायला त्यांच्या कॉलेजच्या मुली यायच्या, रोज वेगळी. आम्ही सगळेच टोपी, तोंडाला रुमाल आणि जॅकेट घातलेले, बाहेरून येणाऱ्याला सारखेच. मोजणाऱ्या मुलीजवळ नाव नाही, बाई की माणूस तेही नाही, फक्त चिठ्ठीवरचा आकडा. चाचा एक दिवस जनरेटरवाल्यांच्या आकड्यावर बसले, एक दिवस तीन नंबरवाल्याच्या, एक दिवस माझ्या. मुलीनं आकडा टिपला, हसून धन्यवाद म्हटलं, झालं. नाक्यावर सगळ्यांत थंड माणूस तोच होता. त्याचाच हात पुढे करावा, यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात दुपारी शिफ्ट बदलताना आम्ही स्टाफ रूममध्ये डबे उघडले होते. बूथमध्ये फोन न्यायला परवानगी नसल्यानं सगळ्यांचे फोन चार्जिंगच्या बोर्डाखाली टेबलावर पडलेले असतात. माझा वाजला. मॅडम होत्या. आधी त्यांनी मी एकटी आहे का विचारलं, मी हो म्हणून टाकलं. मग सावकाश, एकेक शब्द मोजून सांगितलं की तुमचं प्रेशर फार म्हणजे फारच जास्त आलं आहे, घाबरू नका, पण आजच डॉक्टरकडे जा, उद्यावर टाकू नका. मी बरं म्हणाले. फोन ठेवला आणि भाकरीचा तुकडा मोडला. मला काहीच वाटलं नाही. मी मरणार असेन तर दुसऱ्या शिफ्टला माझ्या जागी कोण बसेल, एवढाच विचार आला.

मग तीन नंबरवाल्याचा फोन वाजला. तो ऐकत असताना त्याचा चेहरा उतरत गेला. बापाचं दुखणं आपल्याला आलं, असं त्याला वाटलं असणार. तो फोन ठेवतो न ठेवतो तोच जनरेटरवाल्या भाऊंचा वाजला. ते फोनवर तीनदा हो म्हणाले आणि मग आमच्याकडे पाहून म्हणाले की गोळी तर मी रोज घेतो, असं कसं झालं.

आम्ही तिघं एकमेकांकडे पाहत राहिलो. मग तिघांनीही खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर चाचा एका लेनच्या कडेला उभे होते आणि एका ट्रॅक्टरवाल्याला हातानं रस्ता दाखवत होते. तो दंड आमच्यापैकी कोणाचाच नव्हता. जे तीन फोन आम्हाला आले, ते तिन्ही त्या माणसाचे होते.

त्यांना आत बोलावून आम्ही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मशीन खराब असेल म्हणाले. तिन्ही दिवस खराब, तिन्ही मुलींच्या हातात खराब? मग म्हणाले की पोरी नवशिक्या होत्या. शेवटी म्हणाले, "मले काईच होऊन नाही राह्यलं. होत असतं तं समजलं असतं ना." मी त्यांना विचारलं की तुमच्या स्वतःच्या चिठ्ठीवर काय आलं. त्यांनी खिशातून ती काढून दाखवली, तशीच, घडीसुद्धा न मोडलेली. स्वतःसाठी ते बसलेच नव्हते. तीन वेळा मोजून झालं, चौथ्यांदा कशाला, असं त्यांचं म्हणणं.

जनरेटरवाले भाऊ म्हणाले की मॅडमला सांगायचं नाही. सांगितलं तर आमची लबाडी बाहेर येईल, त्या मॅनेजरला बोलतील, आणि नवा ठेकेदार चौघांनाही घरी बसवेल. चाचांचं वय तर पाहायलाच नको. ते स्वतःच्या पाकिटातली गोळी चाचांना देतो म्हणाले, घरच्या घरी मिटेल. चाचांनी हातही पुढे केला होता. त्यांना ही गोष्ट लवकर संपवून लेनवर जायचं होतं.

तेव्हा मला राग यायला हवा होता. आधीची मी असते तर तो आला असता आणि दोघांनाही सोलून काढलं असतं. आला नाही. मी नुसता फोन उचलला, खोलीबाहेर गेले आणि मॅडमना लावला.

मी म्हणाले, "मॅडम, तो हात माहा नव्हता."

मग त्यांनी विचारलं, "आणखी कोणाकोणाच्या चिठ्ठीवर तोच हात आहे?" मी खरं ते सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांच्या कामाचं मी मातेरं केलं होतं, हे मला कळत होतं, त्यांनाही कळलं असणार. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की ते आता कुठे आहेत. मी सांगितलं, लेनवर. आजच दवाखान्यात न्या म्हणाल्या, मी सांगितलं की ते मशीनच खराब म्हणतात, येणार नाहीत. तेव्हा त्या म्हणाल्या, मग त्यांना ऊन लागू देऊ नका, चढउतार करू देऊ नका, मी सकाळी स्वतः येऊन मोजते.

सकाळी त्या एकट्याच आल्या. मॅनेजरच्या केबिनकडे न जाता नाक्यामागच्या चहाच्या टपरीवर बसल्या. मी चाचांना तिथे घेऊन गेले, दुसरं काही कारण सांगून नव्हे, सरळ हाताला धरून. टपरीवाल्याकडे तेव्हा दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मॅडमनी दंडाला पट्टा बांधला, मशीन फुगलं, आकडे वर चढत गेले आणि बराच वेळ उतरेचनात. वरचा आकडा दोनशेच्या पुढे राहिला. मॅडमच्या तोंडावर काही दिसू नये म्हणून त्या प्रयत्न करत होत्या, हे मला दिसत होतं. त्या म्हणाल्या की पाच मिनिटं शांत बसू, मग परत मोजू.

शांत बसायचं म्हणजे चाचांना जमण्यासारखं काम होतं. ते गुडघ्यांवर हात ठेवून हायवेकडे पाहत बसले. मॅडमजवळ कागद नव्हता. सहज बोलल्यासारखं त्यांनी विचारलं की चाचा, लोक दिवसभर एवढं बोलतात, घरी गेल्यावर कोणाला सांगता.

"सांगाचं काय त्यात," चाचा म्हणाले. "शिव्या घरी नेऊन कोणाले दाखवाच्या? सुनेले?"

मग स्वतःहूनच म्हणाले, "नंबर लक्षात राह्यतात मात्र."

मॅडमना कळलं नाही. मलाही नाही. कसले नंबर, असं मी विचारलं. चाचा सांगायला लागले. पोळ्याच्या दिवशी अठ्ठावीस पासिंगची पांढरी गाडी, काच खाली न करता आतून बोलला, आणि लगेच तिच्या नंबरचे पुढचे चार आकडे. तीस पासिंगचा टँकर, थुंकला, पुढचे चार आकडे. एकोणीसची नवी कोरी गाडी, टेंपररी नंबर, मागच्या सीटवर लहान पोरगी होती, बापानं बोललेलं तिनं परत म्हणून दाखवलं. चाचांनी कोणती शिवी होती ते एकदाही उच्चारलं नाही. फक्त पासिंग, रंग, नंबर. आवाज चढला नाही, उतरला नाही. माझ्या लेनमधले होते, तीन नंबरमधले होते, मी लागायच्या आधीचे होते. आमच्या खुर्चीवर बसून घेतलेले सगळे. आम्ही परत खुर्चीवर बसायचो आणि विसरून जायचो, आणि ते उठून जाताना नंबर घेऊन जायचे.

ते थांबेनात. मॅडमचा हात पट्ट्यावर तसाच राहिला होता. टपरीवाल्यानं गॅस बारीक केला. शेवटी मीच त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, बस चाचा. ते लगेच थांबले. सांगितलेलं ऐकायची सवयच होती त्यांना.

दुसऱ्यांदा मोजलं तर आकडा पहिल्यापेक्षा वर गेला होता. मॅडमनी रिक्षा बोलावली आणि त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. मीही गेले, त्या दिवशी बिनपगारी रजा टाकून. डॉक्टरांनी विचारलं की डोकं दुखत नव्हतं का. चाचा म्हणाले की दुखते, रोजच दुखते, ते तं नाक्याचं दुखणं आहे. डोळ्यांपुढे अंधारी? येते, पण ते गाड्यांच्या लाइटानं. सगळं होत होतं. त्यांनी प्रत्येक दुखण्याला नाक्यावरचं काहीतरी कारण लावून ठेवलं होतं. डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि भरती करून घेतलं. मुलगा धावत आला, त्याला तर काहीच माहीत नव्हतं. अब्बा कधी कुरकुर करत नाहीत, एवढंच तो परत परत म्हणत होता.

ते दवाखान्यात असतानाच ठेका बदलला. नवा ठेकेदार एक दिवस आला, मॅनेजरच्या केबिनमध्ये बसला आणि हजर असलेल्या माणसांच्या सह्या घेऊन गेला. तब्येतीबद्दल त्यानं कोणाला एक शब्दही विचारला नाही. मॅडमचं संशोधन त्याच्या गावीही नव्हतं. आम्ही ज्याला भीत होतो ते नव्हतंच मुळी. हजर होते ते राहिले. चाचांचं नंतर पाहू म्हणाले, आणि ते कोणी पाहिलं नाही. मॅनेजरसाहेबांनी दोनदा आठवण करून दिली, हे मला माहीत आहे. तिसऱ्यांदा त्यांनीही नाही दिली.

मॅडमचा एकदा फोन आला होता. आमच्या नाक्याचे कागद त्यांना वापरता येणार नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या की प्रेशरचं सोडा, तुम्ही सगळ्यांनी प्रत्येक प्रश्नाला कधीच नाही लिहिलं होतं, ते वाचूनच मला शंका यायला हवी होती. मग त्यांनी मला विचारलं, आता खरं सांगाल का, नाव कुठेच येणार नाही. मी हो म्हणाले आणि त्या एकेक प्रश्न विचारत गेल्या. झोप, डोकं, जबडा, धडधड. मी 'नेहमी, नेहमी' म्हणत गेले. स्वतःचाच आवाज मला नाक्यावरच्या स्पीकरसारखा ऐकू येत होता. त्यांनी मलाही डॉक्टरकडे पाठवलं. मला दोन गोळ्या लागल्या. त्या मी घेते. पाणी आता पिते, सगळ्या लेन ओलांडून जाते, गाड्या थांबून राहतात तर राहतात.

चाचा घरी असतात. मुलगा त्यांना कामाला जाऊ देत नाही. नातवाला शाळेत सोडतात आणि आणतात. मी जेवणाच्या सुट्टीत अधूनमधून फोन करते. नाक्यावर कोण आलं, कोण गेलं, ते त्यांना हवं असतं.

परवा माझ्या लेनमध्ये एक लाल गाडी आली. टॅग चालेना. आत बसलेला माणूस माझ्या वयाचाच, शिकलेला, शर्ट चांगला. आधी इंग्रजीत बोलला, मग मराठीत, मग जे बोलायचं नसतं ते बोलला, माझ्या आईपर्यंत गेला. शेजारच्या बूथमधून सवयीनं आवाज आला, "चाचाले..." आणि तो तिथेच तुटला. मागचं दार कोणी उघडलं नाही. मी खुर्चीवर बसूनच राहिले. मला राग आला नाही, रडू आलं नाही. माझा एक हात कीबोर्डवर होता आणि नजर त्याच्या नंबर प्लेटवर. मी नंबर टाकला, दांडी वर गेली, तो गेला.

सुट्टीत मी चाचांना फोन लावला. आवाजावरून त्यांना कळलं काय झालं ते. इतकी वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या खुर्च्या सांभाळल्या होत्या, त्यांना कळणारच.

"नंबर काय होता, बेटा?" त्यांनी विचारलं. "मले सांगून दे, अन् तू इसरून जाय."

मी खिडकीशी उभी होते. बाहेर लेनमध्ये गाड्या लागल्या होत्या.

"ध्यानात नाही राह्यला, चाचा," मी म्हणाले.

"बरं झालं," ते म्हणाले. मग मी त्यांना गोळी घेतली का विचारलं. घेतली म्हणाले, जेवणही झालं म्हणाले. मी फोन टेबलावर ठेवला आणि लेनवर गेले. त्या लाल गाडीचा नंबर मला अजून पाठ आहे.